नावाला चौदा घरे

पोथीचे नाव आणि पोथी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे हस्तलिखितांच्या याद्या चाळणाऱ्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. युनिक्स या कार्यप्रणालीच्या कर्त्यांनी हाच भेद संगणकात पाळला. तेथे फाइलला स्वतःचे नाव नसतेच; असतो तो क्रमांक. नाव राहते डिरेक्टरीत, त्या क्रमांकाशेजारी. म्हणून एकाच फाइलला दोन नावे असू शकतात, आणि त्यांतले कोणतेही अधिक खरे नसते.

१९७१च्या पहिल्या आवृत्तीत ही नोंद १० बाइटांची होती : २ क्रमांकाला, ८ नावाला. पुढे ती १६ बाइटांची झाली, नावाला १४ मिळाले; १९७९च्या सातव्या आवृत्तीतही तेवढेच राहिले. पंधरावे अक्षर मुकाट्याने गळे. पहिली चौदा अक्षरे सारखी असलेली दोन नावे म्हणजे एकच नाव. दुसरा मजकूर लिहायला जावे, तर पहिला पुसला जाई. आणि याची वाच्यता कोठेही नाही!

मग नोंद लगेच मोठी का केली नाही? डिरेक्टरी ही वाचण्यापुरती साधी फाइलच असल्याने प्रोग्राम ती थेट उघडून सोळा-सोळा बाइट मोजत पुढे जात. नोंदीचा आकार असा ठिकठिकाणी गृहीत धरलेला होता. तो बदलणे म्हणजे या साऱ्या वाचकांना एकदम निरक्षर करणे. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडीने नावाची मर्यादा २५५ बाइटांवर नेली आणि प्रत्येक नोंदीने आपली लांबी आपणच सांगावी, अशी रीत घातली. त्याच वेळी वाचनाचे काम 'रीडडिर' या मध्यस्थाकडे सोपवले. आमच्या मते खरी क्रांती ही. २५५ हा आकडा दुय्यम होय. मध्यस्थ आल्यावर आतली रचना बदलणे पुष्कळ सोपे झाले.

४.४ बीएसडीतील बदल तर एखाद्या टीकाकाराला शोभावा असा आहे. नावाची लांबी लिहिण्यास २ बाइट राखले होते. पण २५५ हा आकडा एकाच बाइटात मावतो. दुसऱ्या, रिकाम्या बाइटात फाइलचा प्रकार नोंदवला गेला. आकार तोच, अर्थ निराळा. २०१८च्या फ्रीबीएसडी १२ मध्ये क्रमांकच ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेला. जुन्या प्रोग्रामांसाठी जुनी रचनाही जपली गेली.

या इतिहासाशी आपला संबंध १९९२ मध्ये जुळतो. युनिक्सचेच एक कर्ते केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही लेखनपद्धती रचली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, मात्रा आणि हलन्त धरून. 'ज्ञानेश्वरी' या नावास ३३ बाइट लागतात. जुन्या चौदा घरांत 'ज्ञा' एवढाच मावला असता, आणि पुढे 'न'चे दोन तुकडे, कोणालाही न वाचता येणारे.