कापा कीं बरका?

उल्हास नदीच्या कांठीं, आंबिवली स्थानकाजवळ वसलेलें मोहने हें गांव पुष्कळांस ठाऊक झालें तें नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळें. त्या कारखान्याच्या आश्रयानें कोंकणांतून, घाटावरून व परप्रांतांतूनही माणसें येथें येऊन राहिलीं. २००९ सालीं कारखाना बंद पडला. माणसें मात्र राहिलीं, आणि गांवाकडच्या चवीही त्यांच्या जिभेवर राहिल्या. वैशाख सरूं लागला कीं फणसाच्या ढिगापुढें उभें राहून गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतें, "कापा आहे ना?" विकणारा उत्तर देतो, "कापाच आहे." "बरका आहे," असें सांगणारा विक्रेता अद्याप कोणास भेटल्याचें ऐकिवांत नाहीं.

हा प्रश्न वाटतो तितका आजचा नव्हे. फणसाच्या दोन जाती आहेत हें परदेशी प्रवाशांच्या ध्यानांत येऊन निदान सातशें वर्षें होत आलीं. आणि त्यांतील पहिल्यांपैकीं एकाचा संबंध खुद्द ठाण्याशीं आहे. जोर्दानुस नांवाचा फ्रेंच धर्मोपदेशक १३२१ च्या सुमारास या किनाऱ्यावर होता. त्या वर्षीं त्याच्या चार सहकाऱ्यांचा ठाण्यास वध झाला, आणि त्यांचे देह त्यानें सोपाऱ्यास नेऊन पुरले. एवढ्या दुःखांतून गेलेल्या या गृहस्थानें पुढें हिंदुस्थानांतील नवलाच्या गोष्टींचें एक छोटें लॅटिन पुस्तक लिहिलें, आणि त्यांत फणसास विसरला नाहीं. 'चाकी' नांवाचें एक फळ पांच माणसांस पुरतें, तें डहाळीस न लागतां जाड फांद्यांस, खोडास, पार मुळापर्यंत लागतें, असें तो सांगतो. त्यासारखेंच दुसरें एक फळ आहे, तितकेंच मोठें व गोड, पण निराळ्या जातीचें. त्यास तो 'ब्लोकी' म्हणतो. हेन्री यूल यानें १८६३ सालीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर केलें.

जोर्दानुसच्या मागोमाग आला इब्न बतूता. त्यानें नांवें दिलीं तीं 'शाकी' व 'बरकी' अशीं. जमिनीलगत लागतें तें बरकी, अधिक गोड व रुचकर. उंचावर लागतें तें शाकी, असा त्याचा समज. फणसाचें झाड दारीं असलेला कोणीही यावर हंसेल. एका झाडाला एकाच जातीचे फणस लागतात. खालीं एक व वर दुसरा, असें कधीं होत नाहीं. भेद त्यास दिसला, कारण दिसलें नाहीं. 'शाकी' व 'चाकी' हीं मल्याळी 'चक्का' या शब्दाचींच रूपें होत. त्याच शब्दापासून पोर्तुगीजांचें 'जाका' व इंग्रजांचें 'जॅक' निघालें. आपला 'फणस' मात्र संस्कृत 'पनस' या शब्दापासून आला.

खरी गंमत 'बरकी' या शब्दांत आहे. मल्याळींत 'वरिक्का' म्हणजे घट्ट, कुरकुरीत गऱ्याचा फणस. मऊ गऱ्याचा तो 'कूळ'. सिंहलींत 'वरका' घट्ट, 'वेला' मऊ. तुळूंतील 'बर्के' हाही घट्टच. परंतु कोंकणांत येतांच बरका मऊ व रसाळ झाला, आणि घट्ट गऱ्यास सुरीनें कापावा लागणारा 'कापा' असें नांव मिळालें. तेव्हां इब्न बतूताची गोड 'बरकी' ही बहुधा आपला कापा असावी. आजही फणसाची गाडी दक्षिणेकडून येते. तिकडील व्यापारी 'बर्के' म्हणाला व इकडील दलालानें 'बरका' ऐकलें, तर घोटाळा होण्यास आणखी काय पाहिजे?

फणसावर सर्वच पाहुणे प्रसन्न झाले असें नाहीं. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत त्याच्या रूपास मेंढ्याच्या कोथळ्याची उपमा दिली आणि त्याची गोडी मळमळ आणणारी ठरविली. बाबरापुढें बरका कापला गेला असावा, अशी शंका एखाद्या कोंकणस्थास आल्यावांचून राहणार नाहीं.

फणसाच्या रूपाशीं साम्य असलेलें दुसरें फळ म्हणजे मलायाकडील दुरियान. 'दुरी' म्हणजे कांटा. फणस तुतीच्या कुळांतला, दुरियान भेंडी-जास्वंदीच्या. नातें कांहीं नाहीं, परंतु नवख्याची अडचण तीच. गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत दोन्ही फळांची चर्चा केली आहे. निलगिरींतील बुरलियारच्या सरकारी बागेंत दुरियानचीं झाडें आहेत. ज्यास त्याचा उग्र दर्प सोसत नाहीं त्यानें थायलंडच्या 'मॉन थॉंग', म्हणजे 'सोन्याची उशी', या सौम्य व गोड वाणापासून आरंभ करावा, असें जाणते सांगतात. फणसांत नवख्याचा मॉन थॉंग म्हणजे कापा.

पण तो ओळखावा कसा? पिकला कीं नाहीं हें कळतें : कांटे बोथट होऊन एकमेकांपासून दूर सरकतात, थाप मारल्यास बद्द आवाज येतो, वास सुटतो. जात मात्र सालीवरून सहसा सांगतां येत नाहीं. पूर्ण पिकलेला बरका हातानें फुटतो, कापा कोयतीवांचून उघडत नाहीं. परंतु ही परीक्षा पैसे दिल्यानंतरची! म्हणूनच गांवांत फळ पारखीत नसत, झाड पारखीत. अमक्याच्या परसांतला, विहिरीजवळचा, असें म्हटलें कीं पुरे. मोहन्यास पोंचलेल्या फणसाचें झाड कोणास ठाऊक नसतें, आणि येथील घरांतून हरवलें आहे तें हेंच ज्ञान.

झाडाची ओळखही एका पिढीपुरतीच. काप्याची आठळी पेरली तर काप्याचेंच झाड येईल असा भरंवसा नाहीं. परपरागामुळें गुण पालटतो, आणि पालटला कीं नाहीं हें कळण्यास सहा-सात वर्षें वाट पाहावी लागते. उपाय एकच, कलम. १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें 'कोंकण प्रॉलिफिक' हा काप्याचा वाण निवडून त्याचीं कलमें करविलीं, तेव्हां नांवास प्रथमच थोडा आधार आला.

बरक्यास मात्र उगाच हिणवूं नये. सांदणें व फणसपोळी त्याच्याच रसाचीं. घरीं आणलेला फणस बरका निघाला, तर कोंकणी गृहिणी हातांस खोबरेल तेल लावते, गरे चाळणीवर घासून रस काढते आणि तांदळाचा रवा भिजत घालते.