भायखळ्याचा तुरुंग आणि एक आड एक कैदी

क्लिनिकल ट्रायलमध्ये संख्याशास्त्रज्ञ काय करतो, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "शेवटी पी-व्हॅल्यू काढून देतो." हे उत्तर किती अपुरं आहे ते बघायला लंडनला जायला नको. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर गाठा आणि तिथून भायखळ्याची स्लो लोकल पकडा.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. वाल्देमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. 30 जानेवारीला जे कैदी स्वतःहून पुढे आले, त्यांना लस दिली गेली. (तुरुंगातली 'स्वेच्छा' कितपत खरी, हे आजची कुठलीही एथिक्स कमिटी सगळ्यात आधी विचारेल.) हाफकिनचा हिशेब असा: न टोचलेले 172, त्यांत 12 रुग्ण आणि 6 मृत्यू, टोचलेले 147, त्यांत 2 रुग्ण, मृत्यू एकही नाही.

आता वही घ्या आणि काय-स्क्वेअर लावा. ही चाचणी कार्ल पिअर्सनने 1900 साली मांडली, म्हणजे हाफकिनच्या हाताशी ती नव्हतीच. पी 0.05 च्या खाली येतो. मग झालं का सिद्ध? नाही ना! पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असतील तर? जास्त जपून राहणारे असतील तर? सूत्र हे विचारत नाही. ते फक्त चार आकडे घेतं.

हाफकिनला हे कळत होतं, असं मला त्याच्या पुढच्या प्रयोगांवरून वाटतं. 1898 मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीत बसवून एक आड एक टोचलं. त्याच वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात तर घरोघरी मोजणी करून प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले, निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच. टोचलेल्या 71 पैकी 3 दगावले, न टोचलेल्या 64 पैकी 26. माझ्या मते भायखळ्यापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे, आणि तो गणितामुळे नाही, वाटणीमुळे.

हीच गोष्ट 1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी टायफॉइड व कॉलऱ्याच्या लसींचे आकडे तपासताना नियम म्हणून मांडली: दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे हवेत.

पण 'एक आड एक' मध्येही एक फट राहतेच. पुढचा नंबर कुणाचा, हे टोचणाऱ्याला आधीच दिसतं. मनात आलं तर तो ओळ बदलू शकतो. ती फट ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बुजवली, 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये. रुग्ण होते 107. प्रत्येक हॉस्पिटलसाठी, स्त्री-पुरुषांची वेगवेगळी, यादृच्छिक आकड्यांवरून यादी केलेली, आणि ती बंद पाकिटांत. पाकीट उघडायचं ते रुग्णाला ट्रायलमध्ये घ्यायचं नक्की झाल्यावरच.