एक टन कार्बन वाचवायला किती रुपये लागतात? भोर-वेल्ह्यातला हिशोब

भारताने २०७० पर्यंत 'नेट झिरो' गाठायचं ठरवलंय. म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू, तेवढाच शोषला गेला पाहिजे. मग याला खर्च किती? एकच आकडा सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. प्रत्येक उपायाचा 'प्रति टन खर्च' वेगळा असतो. लागलेले जादा पैसे भागिले टळलेला कार्बन डायऑक्साइड, एवढंच हे गणित.

आपल्याकडे ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून कोळशावर बनते. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर वर्षाला ९० युनिट वाचतात. बल्बची किंमत काही महिन्यांतच वसूल. इथे खर्च चक्क उणे आहे!

आता भोरमधल्या एका छतावर ३ किलोवॅटचं सोलर धरू. इथला धो-धो पावसाळा लक्षात घेऊन दिवसाला सरासरी १० युनिट धरली, तर वर्षाला अडीच टन आणि २५ वर्षांत, पॅनेलची झीज वजा जाता, सुमारे ६० टन. 'पीएम सूर्यघर'ची सबसिडी ७८,००० रुपये. म्हणजे सरकारला टनामागे साधारण १,३०० रुपये पडले. उरलेले पैसे घरमालक घालतो आणि ते कमी झालेल्या बिलातून हळूहळू परत मिळवतो. पण वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत महिन्याला ५० युनिटच जळत असतील, तर बिल मुळातच कमी. पैसे सुटायला खूप वर्षं लागतील. टन तेवढेच, पण खिशाचं गणित पार वेगळं.

सूर्य मावळल्यावर काय? बॅटरी महाग. भाटघर धरणावर १६ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, पण धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं ते नीरेच्या कालव्यांसाठी. त्यामुळे पाणी कधी सोडायचं हे मुख्यतः शेतीच्या गरजेवर ठरतं. ही वीज स्वस्त दिसते खरी. पण धरणाखाली गेलेल्या जमिनी प्रति युनिट दरात कुठेच दिसत नाहीत. वेल्ह्यातल्या पानशेत-वरसगावचंही तेच. जमीन डोंगरातल्यांची गेली, पाणी पुण्याच्या नळाला आलं. देशाचा सरासरी खर्च काढताना हे लोक आकड्यातून गळतात.

म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधली एक अट मला महत्त्वाची वाटते. यात खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. अडचण एवढीच की जमीन सबस्टेशनजवळ आणि शक्यतो सपाट हवी, आणि वेल्ह्यात सपाट जमिनीवर बहुतेक ठिकाणी भात उभा असतो.