प्रक्षेपकाची पुनर्रचना (नागपूर)

उपग्रह कक्षेत नेणारा अग्निबाण सुटा-सुटा न घडवता कारखान्यात संख्येने तयार व्हावा आणि शक्यतो परत आणून पुन्हा उडवता यावा, यासाठी मूळ आराखड्यातच केलेले बदल. भारतीय खाजगी क्षेत्रातील या प्रयत्नाचे महत्त्वाचे आरंभीचे टप्पे नागपुरात पार पडले. हैदराबादच्या स्कायरूट एरोस्पेस (स्थापना २०१८) या कंपनीची इंजिने नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रात पेटवली गेली.

नागपूरची निवड स्वाभाविक होती. सोलर इंडस्ट्रीज खाणींसाठी औद्योगिक स्फोटके बनवते. तिची उपकंपनी इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लष्कराच्या ‘पिनाक’ या अग्निबाण-मारा प्रणालीसाठी अग्निबाण पुरवते. धोकादायक मिश्रण सांभाळून हाताळणे आणि प्रत्येक खेपेला तोच दर्जा राखणे हे संख्येने उत्पादन करण्याचे खरे मर्म, आणि ते इथल्या कामगारांच्या अंगवळणी पडलेले आहे.

डिसेंबर २०२० मध्ये ‘कलाम-५’ या घन इंधन मोटरची चाचणी झाली. मे २०२२ मध्ये ‘कलाम-१००’ ही स्कायरूटच्या ‘विक्रम-१’ प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याची मोटर १०८ सेकंद जळली. तिचा कमाल रेटा १०० किलोन्यूटन. पोलादाऐवजी कार्बन तंतूंचे आवरण वापरल्याने वजन बरेच घटते. वरच्या टप्प्यात वाचलेला प्रत्येक किलो थेट उपग्रहाच्या वाट्याला येतो.

घन मोटरमध्ये फिरते भाग जवळजवळ नसतात, म्हणून ती संख्येने बनवणे सोपे. मात्र एकदा पेटली की ती विझवून पुन्हा पेटवता येत नाही, त्यामुळे इंजिनाच्या जोरावर उभे उतरणे तिला अशक्य. अमेरिकी स्पेस शटलच्या घन मोटरी समुद्रातून काढून पुन्हा भरल्या जात, पण ते काम फार कष्टाचे होते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मधली ‘धवन-१’ची चाचणी विशेष मोलाची वाटते. इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचे नाव दिलेले हे क्रायोजेनिक इंजिन त्रिमितीय मुद्रणाने बनवले होते. त्यात द्रवरूप नैसर्गिक वायू द्रव ऑक्सिजनच्या साहाय्याने जळतो. अशा मुद्रणामुळे सुटे भाग आणि जोडकाम कमी होते. शिवाय या वायूची काजळी केरोसीनपेक्षा खूपच कमी, त्यामुळे इंजिन पुन्हा वापरण्यास अनुकूल.

अमेरिकी कंपनी स्पेसएक्सच्या ‘फाल्कन-९’ प्रक्षेपकात संख्येने उत्पादन आणि पुनर्वापर ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र आली. पहिल्या टप्प्याला एकाच जातीची नऊ इंजिने, त्यामुळे उत्पादन सतत चालू. हा टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम जमिनीवर सुखरूप उतरला. वापरलेला टप्पा मार्च २०१७ मध्ये पुन्हा उडाला. परतीसाठी राखलेले इंधन आणि उतरण्याचे पाय यांमुळे वाहनक्षमता घटते, आणि उड्डाणे मोजकी असतील तर हा भार परवडत नाही. भारतातील छोट्या प्रक्षेपकांनी आधी उत्पादन साधावे हा क्रम त्यामुळे योग्यच. दरम्यान, पुनर्वापरक्षम पहिला टप्पा असलेल्या इस्रोच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.