एकवीस कलमांचा पक्ष

मंडळी, या विकांताला जरा जुन्या राजकारणात शिरूया.

समजा, तुम्हाला एक पक्ष काढायचाय. सोबत कोण? काही राजे-महाराजे, मुंबईचे उद्योगपती, आंध्रातला एक शेतकरी नेता आणि ऐंशी वर्षांचे एक माजी गव्हर्नर जनरल. धर्म, भाषा, परराष्ट्र धोरण, कशावरच धड एकमत नाही. मग ही मोट बांधायची कशी?

१९५९ साली राजाजींपुढे नेमका हाच पेच होता. निमित्त नागपूरचं. त्या वर्षी जानेवारीत तिथल्या अधिवेशनात काँग्रेसने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला आणि जमीन हातची जाणार अशी धास्ती अनेकांना वाटली. जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन. राजाजींबरोबर मिनू मसानी, एन. जी. रंगा, क. मा. मुन्शी ही मंडळी होती.

त्यांनी काढलेला तोडगा आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच पटेल. कोअर लहान ठेवायचा, बाकी सगळं मोकळं. पक्षाची मूलभूत तत्त्वं फक्त एकवीस. मूलभूत हक्कांची हमी, मालमत्तेचा हक्क, सरकारची कमीत कमी ढवळाढवळ वगैरे. आणि या तत्त्वांच्या बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर सभासदाला आपलं मत ठेवायची मुभा. व्हिपच्या जमान्यात ही भन्नाटच कल्पना म्हणायची!

आणि ती चालली सुद्धा. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४. म्हणजे विरोधकांत सगळ्यात मोठा पक्ष. मधल्या काळात, १९६४ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती आली. तिने रयतवारी जमिनीही कलम ३१अ च्या कक्षेत आणल्या, तेव्हा हा लढा फक्त संस्थानिकांचा नाही असं सांगायला पक्षाला जागा मिळाली.

गंमत म्हणजे कोर्टात ही बाजू जिंकतही होती. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याला आव्हान दिलं पक्षाशी संबंधित असलेल्या आर. सी. कूपर यांनी, आणि वकील होते नानी पालखीवाला. फेब्रुवारी १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. डिसेंबरात संस्थानिकांच्या तनख्यांचा निकालही सरकारच्या विरोधात गेला.

पण घटना वाचवतोय म्हणणाऱ्यांच्या शेजारी तनखे वाचवू पाहणारे संस्थानिक उभे होते, आणि लोकांना दिसले ते हेच. इंदिराबाईंनी 'गरीबी हटाओ' म्हटलं. आता स्वतंत्र पक्षाने काय करावं? संघटना काँग्रेस, जनसंघ आणि चक्क संयुक्त समाजवादी पक्ष यांच्याबरोबर आघाडी! एकवीस तत्त्वं बाजूला पडली आणि उरला एकच कार्यक्रम, इंदिरा हटाओ. १९७१ च्या निवडणुकीत ४४ चे ८ झाले. मसानी स्वतः राजकोटला पडले.

माझ्या मते पक्ष बुडाला तो इथे. सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच होती, आणि तीच निवडणुकीच्या घाईत सोडून दिली. शत्रू समान असला की माणसं गोळा होतात खरी, पण पराभवानंतर त्यांना एकत्र राहायला कारण उरत नाही.

पुढचा प्रवास तर अजूनच बोलका आहे. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले. १९७४ मध्ये उरलासुरला पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला, आणि ते लोकदल १९७७ मध्ये जनता पक्षात. याच जनता सरकारने १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला! आता तो कलम ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून आहे.

मग सगळं वायाच गेलं का? अगदी तसंही नाही. संसदेच्या हातालाही मर्यादा असते, हा त्यांचा मूळ मुद्दा १९७३ च्या केशवानंद भारती निकालात वेगळ्या रूपात टिकला. पक्ष मात्र तोवर जवळपास संपला होता.

असो. पुढच्या वेळी 'आम्ही घटनेसाठी एकत्र आलोय' असं कोणी म्हणालं, की एवढंच बघा: घटना आपल्याच फायद्याच्या आड आली, तर त्यातले किती जण थांबतील?