बालेवाडीचं मैदान बीडला किती लांब?

मोठ्या स्पर्धांसाठी बांधलेल्या मैदानांचं पुढे काय होतं, हा आजचा विषय. मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहून स्टेडियमची चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. पण १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनी मागे ठेवलेली एक गोष्ट तुम्ही सगळे ओळखता. एशियाड गाडी! त्या खेळांसाठी आपल्या एसटी महामंडळाने निमआराम गाड्या बांधून दिल्लीला पाठवल्या. खेळ संपले, गाड्या परत आल्या, दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या आणि सगळा महाराष्ट्र निमआराम गाडीलाच 'एशियाड' म्हणायला लागला. जवाहरलाल नेहरू स्टेडियम मात्र दिल्लीतच राहिलं. राहणारच. स्टेडियमला चाकं नसतात, तिथे माणसालाच जावं लागतं. म्हणून मैदानाचा हिशेब करताना खुर्च्या किती यापेक्षा तिथे कोण पोचलं, हे आम्ही आधी विचारतो.

आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण म्हणजे बालेवाडी. १९९४ च्या जानेवारीत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा महाराष्ट्रात झाल्या, त्यासाठी पुण्याच्या वेशीबाहेर म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. पुढाकार सुरेश कलमाडी यांचा, आराखडा शशी प्रभू यांचा. मुंबईचं वानखेडे स्टेडियमही प्रभूंनीच उभं केलेलं. बालेवाडीला तेव्हा आजूबाजूला शेतं होती.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे संकुल ओस पडलं नाही. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चेन्नईहून हलवावी लागली, ती इथेच आली. २०१८ पासून काही वर्षं एटीपीची टेनिस स्पर्धा झाली, २०१९ ला खेलो इंडिया झालं. जगात बघा काय घडलंय. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचं कर्ज फेडलं ते २००६ साली, तीस वर्षांनी. अथेन्समध्ये २००४ च्या कितीतरी मैदानांत पुढे गवत माजलं. लंडनने २०१२ चा जलतरण तलाव २०१४ मध्ये सामान्य लोकांना पोहायला उघडून दिला, तसं फार थोड्यांना जमलं. या तुलनेत बालेवाडी बरीच बरी.

पण बालेवाडीच्या आसपासच्या समाजाला त्यातून सगळ्यात मोठं काय मिळालं म्हणाल, तर जमिनीचा भाव. संकुल आलं, बाह्यवळणाचा महामार्ग आला, हिंजवडीची आयटी आली आणि शेताच्या जागी टॉवर उभे राहिले. एकट्या संकुलाला याचं श्रेय किंवा दोष देणं चूक ठरेल. शिवाय निवडणूक आली की मावळ मतदारसंघाची मतमोजणी याच संकुलात होते. तेही एक समाजकार्यच म्हणा!

आता आपल्याकडे या. इथून पश्चिमेला पाटोद्याचा रस्ता जातो. त्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण घेऊन आला, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तो घडला पुण्यातच, पण तालमीत. आधी हरिश्चंद्र बिराजदार, मग काका पवार, दोघेही लातूरकडचे वस्ताद. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण. लहानपणी शाळेला पायी आणि पळत जाणारा हा मुलगा धावपटू झाला तो लष्करात गेल्यावर. त्याच्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. ती पाण्याची उडी सरावाला लागते, आणि तिचा खड्डा गावच्या मैदानात कुठून असणार?

म्हणजे बीडच्या मुलाला जे लागलं ते काय होतं? राहायला जागा, पोटभर खुराक आणि रोज पहाटे उठवणारा माणूस. तालमीत ते मिळतं, लष्करात मिळतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे नेमकं कळलं होतं. १९१२ चं खासबाग मैदान आपण कौतुकाने सांगतो, पण महाराजांनी मैदानाबरोबर तालमींना आणि मल्लांच्या खुराकालाही आश्रय दिला होता. नुसतं मैदान बांधलं असतं तर त्यात लढायला कोण उतरलं असतं?

बालेवाडीतही हे काम करणारा एक भाग आहे, शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनी. चाचण्या घेऊन मुलं निवडायची, वसतिगृहात ठेवायची, शिक्षण आणि सराव दोन्ही करून घ्यायचा. आमच्या मते १९९४ च्या खेळांचा खरा वारसा या वसतिगृहातल्या खाटा आहेत. वर्तमानपत्रात फोटो मात्र प्रेक्षागाराचा येतो. इथून पुणं पाच-सहा तासांवर. रोज जाऊन-येऊन सराव कुणाला शक्य आहे? म्हणून तिथली एक खाट आपल्या मुलीला मिळाली तर बालेवाडी बीडची होते, नाहीतर ती टीव्हीवर बघायची.

२०२२ मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाचं अनुदान १ कोटीवरून ५ कोटी केलं. चांगली गोष्ट आहे. या पैशातून भिंत, गाळे आणि फाटक आधी होतील की धावपट्टी, हे तुम्ही बघायचं. सकाळी सहाला फाटकाची चावी कुणाकडे असते आणि आत शिकवायला पगारी माणूस आहे का, हेही तहसीलला जाऊन विचारा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ, मागच्या बाकावरच्या मुलींपासून सुरुवात करू.