दस्तुरखुद्द आणि बकलम : पूर्वजांच्या नावांचा व सह्यांचा शोध

संत लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, नाव लिहिण्याचा एक प्रसंग आहे. अलिशिबेला मुलगा झाला. आठव्या दिवशी आप्तेष्ट जमले आणि बापाचेच नाव मुलाला ठेवायचे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. आई म्हणाली, याचे नाव योहान. तुमच्या कुळात या नावाचे कोणीच नाही, अशी नातेवाइकांची हरकत. शेवटी वाचा गेलेल्या जखऱ्याने पाटी मागवली, स्वतःच्या हाताने नाव लिहिले आणि वाद मिटला. नातेवाइकांनी गृहीत धरलेले नाव, आईने तोंडी सांगितलेले नाव आणि बापाने स्वहस्ते लिहिलेले नाव, या तिन्हींत जे अंतर आहे तेच घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला पानोपानी भेटते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत वंशावळी लिहून काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या कामात एक चूक वारंवार होताना आम्ही पाहतो. एकाच आजोबांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी आढळले, की लिहिणारा त्यातले एक 'खरे' ठरवतो आणि उरलेली दोन 'चुकीची' म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे असे, की सोडून दिलेल्या त्या दोन नावांतच पुष्कळदा घराण्याचा इतिहास दडलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. या जिल्ह्याच्या नावाची इंग्रजी अक्षरेसुद्धा सर्वत्र सारखी नाहीत. १९१० साली नेल्सनसाहेबांनी सिद्ध केलेल्या गॅझेटियरात ते 'बुलडाना' असे वाचावे लागते. आज आपण त्यात 'ढ' ऐकवणारे जादा अक्षर घालतो. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. म्हणून १८९० सालच्या एखाद्या कागदावर 'जळगाव, जिल्हा अकोला' असे दिसले, तर ते आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद होय; खानदेशातील जळगावाशी त्याचा संबंध नाही. देऊळगाव राजा, देऊळगाव मही आणि देऊळघाट ही तिन्ही गावे याच जिल्ह्यातली. कागदावर नुसते 'देऊळगाव' असेल, तर कोणते, हे आधी ठरवावे लागते. गावच चुकले, तर पुढची सारी पिढी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते.

चर्चच्या नोंदींनाही असाच प्रवास घडला आहे. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू येथे सेवा करीत होते, आणि या संघाचे मूळ फ्रान्समधील अ‍ॅनसी येथे. पुढे १९५५ साली अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला व बुलढाणा जिल्हा त्यात आला. आजोबांचा बाप्तिस्मा शोधताना केवळ आजच्या धर्मग्रामाच्या वहीवर थांबून चालत नाही, ते यामुळे. बाप्तिस्मा झाला त्या वर्षी हे गाव कोणत्या मिशन केंद्राला जोडलेले होते, हे आधी विचारले पाहिजे.

या वह्या ठेवण्याची शिस्त जुनी आहे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने विवाहांची वही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. १९०८ पासून तर विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर, समासात, करण्याचा नियम झाला. म्हणूनच बाप्तिस्म्याचे पान पाहताना समास वाचल्याशिवाय पान उलटू नये. एका ओळीत जन्म आणि तिच्याच बाजूला लग्न, असा आयुष्याचा दुवा तेथे सापडतो.

या नोंदी साधारणपणे १९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होत. लॅटिनमध्ये नामाला विभक्ती लागते, हे ठाऊक नसले की घोटाळा होतो. योहान तेथे 'योआन्नेस' असतो. त्याला बाप्तिस्मा दिला असे लिहायचे, तर 'योआन्नेम' होतो. त्याचा मुलगा असे म्हणायचे, तर 'योआन्निस' होतो. जोसेफचा मुलगा या अर्थाने लिहिलेले 'योसेफी' हे आडनाव समजून वंशावळीत उतरवले, तर 'योसेफी' नावाचे एक घराणेच जन्माला यायचे. 'याकोबुस' म्हणजे याकोब, आणि इंग्रजी शाळेत गेल्यावर तोच जेम्स. 'अलोयसियुस' तोच लुईस. वडिलांचे नाव चर्चमध्ये याकोबुस, घरी याकोब आणि रेल्वेच्या नोकरीत जेम्स असेल, तर ती तीन माणसे नव्हेत. त्यातच फ्रेंच वळणाचा धर्मगुरू असेल, तर गावांच्या नावांतली अक्षरे त्याच्या कानाप्रमाणे पडतात, कारण इंग्रजीत ज्या दोन अक्षरांनी आपण 'च' लिहितो, तीच फ्रेंच माणूस 'श' अशी वाचतो.

सरकारी बाजूला कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक, शाळेचे दाखलखारीज, खासरा पत्रक आणि खरेदीखते. यांतील जुने लिखाण मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्दही सुटे करीत नाहीत. तेव्हा एकाच नावाची दोन वाचने संभवतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही धूळ खात पडलेली बुके पुन्हा उघडली गेली आणि नावातल्या एका अक्षराला किती किंमत असते, हे उभ्या महाराष्ट्राने पाहिले.

नावांचा हा खेळ केवळ गोरगरिबांच्या वाट्याला आला, असेही नाही. 'ख्रिस्तपुराण' रचून १६१६ साली मराठीला ललामभूत ठरलेले फादर स्टीफन्स पाहा. १५७९ साली गोव्याहून त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले, तेथे त्यांचे नाव 'स्टीव्हन्स' आहे. पोर्तुगीज कागदांत त्यांचा 'एस्तेव्हाव' झाला, आणि कित्येक ग्रंथांत ते 'बुस्टन' किंवा 'बुस्टेन' म्हणून वावरतात. विल्टशायर परगण्यातील बुश्टन हे त्यांचे जन्मगाव मानतात. आपल्याकडे चिखलीचा तो चिखलीकर, तसाच हा प्रकार. ही सारी नावे अभ्यासकांनी जपून ठेवली, म्हणूनच ती एकाच माणसाची आहेत असे सिद्ध करता आले.

आता सहीकडे वळू. नाव दुसरा लिहितो, सही आपली आपण करतो, असे आपण समजतो; पण जुन्या कागदांवर तेही सरळ नसते. मराठेशाहीतील महजरांवर पाटील नांगराची निशाणी करी, कुलकर्ण्याची लेखणी असे, शेट्याचा तराजू असे. अक्षर येत नसले, तरी माणूस आपल्या कामाने ओळखला जाई. पुढे इंग्रजी अमलात अंगठा आला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. खरेदीखतावर 'निशाणी अंगठा' आणि त्यापुढे 'बकलम' अमुक, हे शब्द तेव्हापासून आपल्या परिचयाचे झाले. बकलम म्हणजे ज्याच्या लेखणीने लिहिले तो. दस्तुरखुद्द म्हणजे स्वतःच्या हाताने.

आमच्या घरी असे एक जुने खरेदीखत आहे. त्याच्या तळाशी मोडी वळणाचे सुरेख अक्षर आहे आणि ते आमच्या पणजीचे, असे आम्ही लहानपणी अभिमानाने सांगत असू. मोठेपणी ते वाचून घेतले, तेव्हा समजले, की ते अक्षर बकलम करणाऱ्याचे. पणजीचा होता तो बाजूचा शाईचा पुसट डाग, ज्याकडे आम्ही कधी लक्षच दिले नव्हते. खतात तिचे घरचे नाव आहे. चर्चच्या वहीत ती मारिया आहे. त्या दिवसापासून तो डाग आम्हाला त्या सुरेख अक्षराहून मोलाचा वाटू लागला.

यात कमीपणा काही नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र तर्तियस नावाच्या लेखनिकाने उतरून घेतले, आणि त्या तर्तियसने पत्राच्या अखेरीस आपला नमस्कारही नोंदवला आहे. गलतीकरांच्या पत्रात मात्र शेवटी पौलाने स्वतः मोठाल्या अक्षरांत लिहिले आणि ते त्यांना मुद्दाम दाखवून दिले. आपल्या भाषेत बोलायचे, तर एक पत्र बकलम तर्तियस, आणि दुसऱ्याचा शेवट दस्तुरखुद्द पौल. ख्रिस्तसभेने दोन्ही हात जपले.

सह्या कालानुक्रमाने मांडल्या, तर त्या बोलू लागतात. लग्नाच्या वहीत अंगठा लावणारी बाई पंचवीस वर्षांनी मुलाच्या लग्नात साक्षीदार म्हणून थरथरत्या देवनागरीत नाव लिहिते. १९५९ साली साताऱ्यातून निघालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली, त्या काळात कित्येक प्रौढ हात प्रथमच पाटीवर टेकले. नुसते 'निरक्षर' किंवा 'साक्षर' असे लिहून हा प्रवास कळत नाही. दोन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. शिवाय एकाच गावात एकाच नावाचे दोन जोसेफ असतील, तर त्यांना वेगळे करणारी खूण पुष्कळदा सहीच असते.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत. सरकारी कागद लिहिणाऱ्याने त्यांची नावे तोडून, मोडून लिहिली. वरच्या आळीतला रामजी, तर खालच्या वस्तीतला नुसता राम्या. बायकांची तर नावेही कित्येकदा नाहीत. 'कोम' अमुक, म्हणजे अमक्याची बायको, एवढेच. अशी नोंद उतरवताना हात अडखळतो आणि तेथे आदरार्थी 'जी' जोडावासा वाटतो. तरीही आम्ही म्हणू, जोडू नये. कागदात जे आहे, ते अक्षरशः तसेच उतरवावे, कारण तो अपमानही इतिहासच आहे आणि तो पुसला, तर अपमान करणाराच सुटतो. आदर आपल्या ओळीत ठेवावा. अवतरणात कागदाचे 'राम्या', आणि खाली आपल्या शब्दांत 'आमचे पणजोबा'. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच माणसाचे पूर्ण नाव, आईबापांच्या नावांसह, साक्षीदारांसमोर लिहिलेले सापडले, की ती ओळ वाचताना डोळे का भरून येतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी अवघड गोष्ट दोन नावांची. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना नाकारला गेला आहे. त्यामुळे कित्येक घरांत कागदावरचे नाव एक आणि चर्चमधले दुसरे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. याचा न्यायनिवाडा करणे वंशावळ लिहिणाऱ्याचे काम नव्हे. घरच्या वहीत दोन्ही नावे लिहावीत; परंतु हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीविना छापू नये, कोणाला देऊही नये. पूर्वजांचा शोध घेताना आपल्याच भावाला अडचणीत आणणे हे पुण्यकर्म नव्हे.

प्रत्यक्ष नोंद कशी करावी, तेही थोडक्यात सांगतो. प्रत्येक व्यक्तीला एक पान द्यावे. माथ्यावर घरात रूढ असलेले नाव लिहावे. खाली आढळलेले प्रत्येक रूप जसेच्या तसे, त्यापुढे वर्ष, गाव, वहीचे नाव व नोंदीचा क्रमांक. शक्य तर कोणी लिहिले, तेही. शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे. प्रश्नचिन्हाची लाज बाळगू नये. सहीसमोर ती दस्तुरखुद्द, की बकलम, अंगठा की फुली, हे नमूद करावे. चर्चच्या वह्या धर्मगुरूंच्या परवानगीनेच पाहाव्यात. सही गिरवण्यासाठी जुन्या कागदावर कागद ठेवून दाब देऊ नये. चांगल्या उजेडात छायाचित्र घ्यावे. आणि मूळ वहीत पेन्सिलीची एक रेघही ओढू नये. चूक दिसली, तर ती आपल्या वहीत नोंदवावी. मूळ नोंदीची दुरुस्ती हा अधिकाऱ्यांचा प्रांत.

प्रभूच्या वंशावळी दोन आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफाचा पिता याकोब आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात एली. विद्वानांनी यावर शतकानुशतके विचार केला, निरनिराळे खुलासे दिले. परंतु ख्रिस्तसभेने एक नाव खोडून दुसरे ठेवले नाही. दोन्ही नावे आजही वाचली जातात. आपल्या घरच्या वहीत तरी आपण याहून अधिक घाई का करावी?

येत्या नाताळला लेकीबाळी आणि परगावी असलेले भाऊ घरी जमतील, तेव्हा पेटीच्या तळाशी असलेले ते पिवळे कागद बाहेर काढावेत, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, की हा अंगठा कोणाचा. उत्तर मिळाल्याबरोबर, त्याच्याच शब्दांत, लिहून ठेवावे. खाली बकलम म्हणून आपले नाव घालावे आणि तारीख टाकावी.